न कण्हणारे मावळे

"ह्या पोरीला काळीजच नाही! भाऊ जिन्याखाली पडून कळवळतोय आणि ही बया पायरीवर बसून बघत होती. हूं नाही की चूं नाही!" गोदाक्का सकाळपासून गल्लीला ऐकवत होती.

तिचा चार वर्षांचा नातू मल्हार दवाखान्यातून आला तो पाय प्लास्टरमध्ये घालूनच. त्याला ढकलणारी सात वर्षांची शर्वी अंगणात दिवाळीच्या किल्ल्याजवळ बसली होती. किल्ल्यावर मातीचे मावळे आणि गनीम आपसूक लढत होते. एकाचा हात तुटून पडला. जरा वेळाने तो जागीच चिकटला आणि गडी पुन्हा उभा.

ही सांधमातीची करामत. गोदाक्काच्या लेकाने, सुहासने शोधलेली, आपोआप हलणारी आणि स्वतःचा तडा स्वतःच बुजवणारी माती. कोल्हापूरच्या कुंभारगल्लीत किल्ल्यावर मांडायची साधी मातीची चित्रं आता कोणी विचारत नव्हतं. सुहासचे पहिले मावळे मात्र जखम झाली की कण्हायचे. पोरांनी मुठीत धरून ऊब दिली, तरच सांधायचे.

गोदाक्कानेच ते कण्हणं आणि ऊब मागणं बंद पाडलं होतं. "सणासुदीला दारात रडगाणं? वीर आहेत ते! आणि पोरांनी खेळायचं का दवाखाना चालवायचा?"

आता ती शर्वीसमोर बसली. "का ढकललंस गं?"

"तो गनीम होता."

"बरं, गनीम. मग पडल्यावर उचललं का नाहीस?"

"उठेल म्हणून थांबले होते की. हात न लावताच उठतात ना, आजी?"

"अगं, रडत होता तो!"

"तेच कळंना मला. पडल्यावर कोण रडतं का?" शर्वीने खरंच विचारलं. "आणि अजून कसा उठंना तो?"

गोदाक्काची नजर किल्ल्यावर पडून मुकाट उठणाऱ्या मावळ्यांकडे गेली. तिने सुहासला हाक मारली. "ते कण्हणं परत घाल मातीत. आजच."

"नव्यांत घालतो, आई. पण गावोगाव किल्ल्यांवर चढलेत त्यांचं काय?"

गोदाक्काने लढाईत हात घालून एक पडलेला मावळा उचलला. तो तिच्या मुठीत मुकाट सांधला, सुटायला धडपडू लागला. तिने मूठ उघडली नाही.

"शर्वे, इकडं बघ. ढकललंस, तो गुन्हा तुझा. मल्हारचा पाय बरा होईस्तोवर त्याचं सगळं तू करायचंस. पण त्याचं रडणं ऐकूनही तू बसून राहिलीस, तो गुन्हा माझा. त्याची शिक्षा मला कोण देणार गं?"