पाठमोरी मिस्सा

शनिवारी दुपारी मंजुषा चर्चचं दार ढकलून आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. वेदी जागेवर नव्हती.

तिला आठवतं तेव्हापासून ते सागवानी टेबल लोकांसमोर, मधोमध उभं असायचं. फादर पलीकडे, लोक अलीकडे, पंगतीला बसल्यासारखे समोरासमोर. आज ते थेट मागच्या भिंतीला टेकवलं होतं. आणि बाह्या वर सारलेला एक अनोळखी तरुण खाली वाकून त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत होता.

“हे काय करून राहिले तुमी?”

तो दचकला. उठताना त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. “प... प—” त्याने डोळे मिटून श्वास घेतला. “परवानगी हाये.”

“कोनाची?”

“बि... बिशपांची.”

इतकं अडखळतो म्हणजे नक्की खोटं बोलतोय, असं मंजुषाला वाटलं. ती काही बोलणार, तेवढ्यात फादर नितेश आतल्या खोलीतून आले. हे तरुण धर्मगुरू वर्षभरापूर्वीच अकोल्याला आले होते.

“खरं सांगून राहिला तो,” ते म्हणाले. “हा चंदन. अमरावतीचा, इथं कृषी विद्यापीठात कापसाच्या वाणांवर काम करतो. उद्या दुपारी लॅटिन मिस्सा आहे, जुन्या पद्धतीची. काही रविवार करून पाहायची. मग लोकांची सभा घेऊ आणि ठरवू.”

मंजुषा त्यांच्याकडे बघतच राहिली. जुन्या काळी जगभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, लॅटिनमध्ये चालायची आणि फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करायचा, हे तिला ठाऊक होतं. साठेक वर्षांपूर्वी ते बदललं. मिस्सा लोकांच्या भाषेत आली आणि फादर लोकांकडे वळला. आता पुन्हा उलटं वळणारी माणसं कुठेकुठे आहेत, रोमच्या पोपचीही त्यांच्यावर करडी नजर आहे, हे तिने मोबाइलवर वाचलं होतं. पण ती माणसं परदेशात असतात असा तिचा समज होता. ती अकोल्यात येऊन आपल्या वेदीखाली पुठ्ठे सरकवतील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ती शाळेत मराठी शिकवायची आणि रविवारी हार्मोनियमवर बसून चर्चचं मराठी गायन सांभाळायची. तिचे वडील भगवंतराव खंजिरी वाजवायचे. अर्ध्या गाण्यांच्या चाली त्यांनीच बांधल्या होत्या, ओवीच्या, भजनाच्या. हे त्यांच्या कानावर गेलं तर?

“तुमाले तरी समजते काय, काय गाता ते?” तिने चंदनला विचारलं.

“थो... थोडं.”

“अन् लोकाइले?”

“नाई.”

“मंग एकट्या देवालेच समजते म्हना.”

“त्यालेच तर ऐ... ऐकवाचं हाये ना,” तो म्हणाला, आणि हसला.

मंजुषाला राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की ते हसणं तिला आवडलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली ती केवळ नावं ठेवायला. मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसली. अमरावतीहून आलेले म्हातारे फादर सगळ्यांकडे पाठ करून पुटपुटत होते. लोक मोजकेच, पंखा कुरकुरत होता. आणि मग बाजूला उभ्या असलेल्या चंदनने गायला सुरुवात केली.

साथ नाही, ताल नाही. नुसता एक आवाज, पाण्यावर पान तरंगावं तसा चाललेला. मंजुषाच्या हाताची घडी सुटली. अंगावर काटा आला. पण तिला धक्का बसला तो गाण्याचा नव्हे. एवढं लांबलचक गायन संपलं, आणि तो एकदाही अडखळला नाही.

बाहेर पडताना तिने त्याला गाठलं. “गाताना अटकत नाई तुमी?”

त्याचा चेहरा पडला. इतकं सरळ त्याला कोणी विचारलं नसावं. “नाई,” तो म्हणाला. मग पिशवीतून संत्रं काढून तिच्यापुढे धरलं. “अमरावतीचं हाये. गो... गोड निंगन.”

ते आंबट निघालं. ती तोंड वाकडं करत खात राहिली, आणि दोघं चर्चच्या पायरीवर बसून राहिले.

“लहानपनी मले चर्चमधी वाचाले उभं केलं होतं,” तो सांगू लागला. वाक्य पुरं व्हायला वेळ लागत होता, मध्येच तो थांबायचा, दूर बघायचा. “पहिल्याच श-शब्दावर अटकलो. सगळे समोर बसलेले. फादरही माह्याकडंच पाहत. मंग सगळ्याइनं मिळून तो शब्द म्हनला, माह्यासाठी. मी पळून गेलो. मंग याच म्हाताऱ्या फादरनं मले गायाले शिकवलं. त्या मिस्सेत फादर पाठमोरा असते. मले पाहत नाई. कोनीच कोनाले पाहत नाई... सगळे मिळून एकीकडं पाहतात.”

“म्हंजे लपाले जागा पाह्यजे तुले,” मंजुषा म्हणाली. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

“हो,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, “आतापावतर पाह्यजे होती.”

मंजुषाने संत्र्याच्या बिया मुठीत घट्ट धरल्या. उठायला हवं होतं. ती उठली नाही.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटली की तिचे पाय चर्चकडे वळू लागले. घरी ती सांगायची, परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत. चंदन तिला सूर द्यायचा, ती शब्द न समजता तो उचलायची.

“आता हेच सांग, मी काय म्हनलं?” ती विचारायची.

“दया कर.”

“कोनावर?”

“माह्यावर कर,” तो म्हणायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा. तीही हसू दाबत पुढची ओळ विचारायची.

रविवार आला. मंजुषाने ओढणी डोक्यावरून घेतली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती, त्याच्या बाहीला तिची बाही लागत होती, आणि आपण असंच गात राहावं असं तिला वाटत होतं... तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं.

दारात भगवंतराव उभे होते.

तिचा सूर तिथेच तुटला. चंदन एकटा गात राहिला. भगवंतरावांनी पोरीकडे पाहिलं, फादरच्या पाठीकडे पाहिलं, आणि चपला हातात घेऊनच निघून गेले.

घरी ते ओसरीवर बसले होते. आई, आशाबाई, दारामागे घुटमळत होती. मंजुषा समोर जाऊन उभी राहिली. आता आवाज चढेल असं तिला वाटलं. पण ते इतक्या हळू बोलले की तिला जास्तच भीती वाटली.

“तुह्या आजीबद्दल तुले कधी सांगितलं नाई मी. गोदाबाईबद्दल.”

“नाई बाबा.”

“आमी मागं बसत जाऊ. समोरच्या बाकावर मोठे लोक, रेल्वेतले, शिकलेले. फादर पाठमोरा. मले लहानपणी फादरचं तोंड कसं हाये हेच माहीत नव्हतं. माय नुसती माळ ओढत राहे, कारण दुसरं काही समजतच नव्हतं. मंग एका रविवारी वेदी पुढं आनली. फादर वळला, अन् हातात भाकर धरून येशूचे शब्द मराठीत बोलला. ‘घ्या, हे माझं शरीर आहे.’ माय रडाले लागली. सगळ्याइच्या देखत, मोठ्यानं. मले म्हने, इतके वर्सं हे सांगत होते होय रे? मले कोनी सांगितलं काहून नाई?”

मंजुषा खाली बसली. ज्या पाठीचा चंदनला आसरा वाटला, तीच पाठ तिच्या आजीपुढे वर्षानुवर्षं भिंतीसारखी उभी होती. दोन्ही खरं कसं असू शकतं? आणि दोन्ही खरं असेल तर तिने उभं कुठं राहायचं?

“खोटं काहून बोलली माह्यासंग?” भगवंतरावांनी विचारलं.

सभेच्या दिवशी चर्चच्या मागच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. लॅटिन मिस्सेला जेवढे आले होते त्याच्या कितीतरी पट लोक त्या मिस्सेबद्दल बोलायला आले. कोणी म्हणालं, त्यात पावित्र्य आहे, आपल्याकडे मोबाइल वाजतात. कोणी म्हणालं, उद्या आपली गाणीही बंद करतील. मग भगवंतराव उठले आणि गोदाबाईची गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली.

मंजुषा चंदनकडे बघत होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला.

“काका,” तो म्हणाला. “मले... म-म—”

शब्द येईना. मागून कोणीतरी खुदकन हसलं. पुढच्या रांगेतल्या एकाने दयेने म्हटलं, “माफ करा, असं म्हनाचं काय तुले?” चंदनने मान हलवली, नाही म्हणून. मंजुषाला उठून त्याचं वाक्य पुरं करावंसं वाटलं. तिने खुर्चीची कड धरून ठेवली.

“मले हे म-माहीत नव्हतं,” तो अखेर म्हणाला. “तुमच्या मायचं. माह्यासाठी ती पाठ म्हंजे... सावली होती. तुमच्यासाठी ती काय होती हे मी इचारलंच नाई कधी. इचाराले पाह्यजे होतं. पन जे मले त्यात भेटलं, ते खोटं हाये असं मी म्हननार नाई.”

भगवंतरावांनी त्याला नीट न्याहाळलं. “एक इचारतो. खरं सांगजो. हे तू देवासाठी करून राहिला, का माह्या पोरीसाठी?”

फादर नितेशनी चष्मा काढला.

“आधी दे-देवासाठी होतं,” चंदन म्हणाला. “आता... दोघांसाठी.”

मंजुषाला वाटलं, फरशी दुभंगेल तर बरं. सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली होती. भगवंतराव खाली बसले.

फादर नितेशनी घाईघाईने सांगून टाकलं की अमरावतीच्या बिशपांशी त्यांचं बोलणं झालंय, परवानगी वाढवून मिळणार नाही. सभा संपली. आता त्या विषयात कोणाला रस उरला नव्हता.

मंजुषाने चंदनला फाटकाबाहेर, रसवंतीच्या सावलीत गाठलं.

“मले न इचारता सगळ्या दुनियेले सांगून टाकलं?”

“तुह्या बा-बाबांनी इचारलं.”

“मले सांगाच्या आधी?”

“तुले सांगाले लय वेळा आलो होतो,” तो म्हणाला. “तू म-मंग पुढची ओळ इचारे.”

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. “आता नाई इचारत. सांग.”

त्याने सांगितलं. वेळ लागला. रसवंतीचं चाक घुंगरं वाजवत फिरत होतं, एक ऑटो हॉर्न देत गेला, आणि ती नजर न हलवता त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “माहंही तेच हाये.”

“आता लॅटिन नाई. गाऊ कुठी?” त्याने विचारलं.

“माह्यापाशी गा. पन मराठीतही गाजो.”

मागे कोणीतरी खाकरलं. भगवंतराव होते. दोघं चटकन दूर सरकले.

“चंदन,” ते म्हणाले. “रविवारी जेवाले ये घरी.”

त्याला धक्काच बसला. नुसती मान हलवता आली.

“माहं मत बदललं नाई. त्या मिस्सेले मी उद्याही नाईच म्हनन. पन सगळ्यासमोर उभा राहून बोलला तू, पळाला नाई.” ते निघाले, मग वळून म्हणाले, “आमच्या घरी जेवनाआधी पाहुना प्रार्थना म्हनते. मराठीत.”

रविवारी आशाबाईंनी पातोडीची भाजी केली होती. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. ताटं वाढली गेली. सगळ्यांनी हात जोडले. चंदनने डोळे मिटले.

“हे प... प...”

पुढचा शब्द सगळ्यांना पाठ होता. आशाबाईंच्या ओठांवर तो आलाही होता, पण भगवंतरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मंजुषाने वडिलांकडे पाहिलं. तिला विश्वास बसत नव्हता. ते मान झुकवून, हात जोडून, शांत बसले होते, जणू घाई कसलीच नाही.

“सावकाश म्हन, बेटा,” ते म्हणाले. “आमी थांबतो.”

भाकरी निवत होती. कोणीही ताटाला हात लावला नाही.

“प... प्रभू,” चंदन म्हणाला, आणि पुढे बोलू लागला.