पहिल्या हाकेची ओ

एकसष्ट सालच्या श्रावणात, एका सोमवारी सकाळी, नवसू लोणावळ्याच्या मालधक्क्यावरून चुन्याची दोन पोती हातगाडीवर घालून तुंगार्लीच्या बंगल्याकडे निघाला होता. धुकं असं दाट की दांडा हातात असून पुढचं चाक दिसत नव्हतं. चुना भिंतींसाठी नव्हता. माणसाच्या श्वासातली घाण शोषून घ्यायला डॉक्टरसाहेबांना तो हवा होता.

डॉक्टर बेहेरे लष्करातून निवृत्त झालेले. नवसू त्यांच्याकडे बागकामाला होता. रशियाचा माणूस आभाळात जाऊन आल्यापासून डॉक्टरांना एकच ध्यास लागला होता. नुकताच दुसरा एक जण अख्खा दिवस वर राहून आला, आणि मग तर त्यांची झोपच उडाली. बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेल्वेच्या भंगारातली एक लोखंडी टाकी त्यांनी आडवी बसवून घेतली होती. माणूस पाय पोटाशी घेऊन बसेल एवढीच. दाराला रबराची कड आणि आठ बोल्ट. कमीत कमी हवेत माणूस किती तग धरतो, हे त्यांना पाहायचं होतं. आधी तिच्यात तीन बोकड कोंडून झाले होते. फिनेलनं चारदा धुऊनही त्या मुताचा आणि भीतीचा वास गेला नव्हता. आत डोकं घालताना नवसू धोतराचा सोगा नाकाला लावायचा.

आता त्या टाकीत शिदू बसणार होता. शिदू म्हणजे नवसूची धाकटी बहीण चिंगी हिचा नवरा. टाकव्याच्या वरच्या वाडीत नवसू आणि तो एकत्रच वाढले होते. आंद्रा नदीच्या डोहात बुडी मारून शिदू कपारीतले मासे हातानं धरायचा, आणि काठावरच्यांना वाटायचं की हा गेला. हे कौतुक नवसूनंच डॉक्टरांपाशी केलं. तीन दिवस बसलास तर इथली कायमची नोकरी देतो, असं डॉक्टर शिदूला म्हणाले. चिंगी तयार नव्हती. "दादा, तू हायेस म्हनून धाडते," एवढंच ती म्हणाली.

दहा वाजता शिदू आत शिरला. मुंडासं काढ, असं डॉक्टर दोनदा म्हणाले, पण त्यानं काढलं नाही. बोल्ट आवळले. दाराच्या काचेवर घटकाभरात आतून वाफ धरली आणि शिदूचा चेहरा त्यात विरून गेला. आत-बाहेर बोलायला लष्करी भंगारातला टेलिफोन होता. दर तासाला नवसूनं हाक मारायची. उत्तर ठीक आलं की डॉक्टर प्राणवायूच्या नळकांड्याची चावी थोडी आणखी आवळायचे.

"शिदू…" नवसूनं हाक मारली. उत्तर नाही. "शिदू…" नाही. "शिदू…"

"ओ. बरा हाय, भाऊ."

वाडीची रीतच तशी होती. रानात, अंधारात, डोळ्यांआडून कुणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही, ते एकदाच मारतं, आणि त्याला ओ दिली की आपलं माणूसपण त्याच्याकडे जातं.

डॉक्टर चिडले. "हा काय गाढवपणा? वर आभाळात एकेक सेकंद मोलाचा असतो. त्याला सांग, पहिल्या हाकेला बोलायचं."

नवसूनं मुकाट्यानं फोनमध्ये सांगितलं.

"न्हाई भाऊ," शिदू म्हणाला. "हितं लय अंधार हाय. हितं तर न्हाईच देनार."

संध्याकाळपर्यंत तो तिसऱ्या हाकेलाच ओ देत राहिला. रात्रीची पाळी डॉक्टरांनी स्वतःकडे घेतली आणि नवसू माळ्याच्या खोलीत जाऊन पडला.

मंगळवारी सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं तर डॉक्टर खुशीत होते. "सुधारला तुझा मेव्हणा! आधी हट्टानं गप्प बसला होता, पण पहाटे तीनपासून पहिल्याच हाकेला उत्तर. रात्रीत चावी निम्म्यावर आणली मी."

नवसूनं फोन कानाला लावला. "शिदू…"

"ओ… बरा हाय."

आवाज शिदूचाच होता. पण त्यात 'भाऊ' नव्हतं. नवसूनं फोन कानावर आणखी दाबला. तरी त्यानं मनाला समजावलं, आपणच तर सांगितलं तसं. मग ऐकलं त्यानं, तर आता भ्यायचं कशाला?

"जेवलास का रं?"

"ओ… बरा हाय."

"चिंगीला काय सांगू?"

"ओ… बरा हाय."

डॉक्टरांनी वहीत खूण केली आणि चावी आणखी एक घर आवळली. नवसू हात जोडून म्हणाला, "सायेब, दार काढा. शिदू असं बोलत न्हाई."

"बहात्तर तास ठरलेत. तो स्वतः बरा म्हणतोय आणि तू मधे कशाला?"

दुपारपासून फोनला वास येऊ लागला. आधी ओल्या फडक्यासारखा, मग मेलेल्या उंदरासारखा. टाकी तर घट्ट बंद. वास येत होता तो फोनच्या भोकांतून. कुणी पलीकडून तोंड लावून उच्छ्वास टाकावा तशी ती भोकं कोमट, चिकट झाली होती. नवसूनं ती धोतराच्या सोग्यानं पुसली. सोग्यावर पिवळट तार आली, आणि त्याला तिथंच ओकारी झाली. डॉक्टर मात्र नाकाला रुमाल लावून लिहीतच होते. 'विषयाची प्रकृती उत्तम.' आत माणूस बसला होता आणि वहीत तो 'विषय' झाला होता. नवसूला त्या वासाइतकीच त्या वहीची किळस आली. आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण इतकं कळूनही तो हुकमाची वाट बघत उभा होता. रात्रीही तो शेडच्या दारातून हलला नाही.

बुधवारी दुपारी बाराला धुकं शेडच्या आत शिरलं होतं. हाक मारायची वेळ झाली. नवसूनं फोन उचलला, तोंड उघडलं, आणि त्याच्या ओठांतून शब्द फुटायच्या आधीच पलीकडून आलं,

"ओ… बरा हाय."

त्यानं फोन टाकला आणि पाना उचलला. डॉक्टर ओरडत होते, हात धरत होते. त्यांना ढकलून त्यानं आठही बोल्ट काढले. दार सुटलं तसा तो वास बाहेर आला. चुना, घाम, विष्ठा, आणि त्या सगळ्यावर साचलेला तो गोडसर, कुजका दर्प. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी नवसू आत वाकला.

शिदू गुडघ्यांत मान घालून बसला होता. अंग फुगलेलं, कातडी हिरवट पडलेली. काल पहाटेच गेला असावा तो. मुंडाशाचं टोक त्यानं स्वतःच्या तोंडात कोंबलं होतं, घशापर्यंत, आणि वरून दोन्ही हात दाबून धरले होते. टेलिफोनची वायर मुळापासून उपटलेली होती. तिचा तुकडा त्याच्या मांडीवर पडला होता.

"सायेब," नवसूनं विचारलं, "रातीला तुमी हाक कितीदा मारत होता?"

"एकदाच." डॉक्टरांचा आवाज चिरकला. "एकदाच मारायची असते…"

नवसूला सगळं उमगलं. काळोखात, हवा संपत आलेली असताना, शिदूला दर तासाला एकच हाक ऐकू येत होती. ओ निसटू नये म्हणून त्यानं तोंड बुजवलं, आणि हाकच येऊ नये म्हणून वायर तोडली. आणि त्याच्याऐवजी ज्या कशानं ओ दिली, त्याच्या शब्दावर डॉक्टरांनी चावी आवळली.

टेबलावर पडलेल्या फोनमधून बारीक आवाज आला. "ओ… बरा हाय." डॉक्टर कोपऱ्यात जाऊन ओकू लागले.

पुढं काय, तर पंचनामा झाला, हृदय बंद पडलं असं लिहिलं गेलं, टाकी पुन्हा भंगारात गेली आणि डॉक्टर बंगला विकून निघून गेले. चिंगी भावाच्या घरी राहायला आली. तिनं नवसूला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेच त्याला जास्त जड गेलं.

एकोणसत्तर सालच्या जुलैमध्ये, एका सकाळी, टाकवे बुद्रुकच्या शाळेच्या व्हरांड्यात केरबा मास्तरांनी ट्रान्झिस्टर लावला होता. माणूस चंद्रावर उतरला होता. गाव लोटलं होतं. वाडीवरून मीठ आणायला खाली आलेला नवसूही खांबाला टेकून ऐकत बसला.

"मास्तर," त्यानं हळूच विचारलं, "ते वर गेल्यालं… त्येंला खालनं हाक मारत्यात, तर कितव्या हाकेला ओ देत्यात?"

मास्तर हसले. "पहिल्याच, नवसूभाऊ. तिथनं इथवर यायला दीडेक सेकंद लागतो, बास."

नवसूच्या नाकात तो वास शिरला. उंदराचा, ओल्या फडक्याचा. कुणालाच तो येत नसावा, सगळे टाळ्या पिटत होते. आठ वर्षं, कुणी हाक मारेलसं वाटलं की जे करायचा तेच त्यानं केलं, खांद्यावरच्या पंच्याचं टोक दातांत घट्ट धरलं.

त्याला शोधत चिंगी फाटकाशी आली होती.

"दादा…"

ही पहिली हाक. नवसूनं दात आणखी आवळले. पंचा जिभेवर दाबला गेला, तोंडातून हवासुद्धा जाईना.

"ओ… बरा हाय."

आवाज त्याच्याच छातीजवळून आला, आणि त्याचाच होता.

चिंगीनं दुसरी हाक मारली नाही. ती फाटकाशीच थांबली, त्याच्या तोंडातल्या पंच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं हळूच पदर नाकाला लावला.