परत द्यायला आणलेली बॅग

"एकदा नेलेला माल आम्ही परत घेत नाही, साहेब," दुकानदार सांगत होता. समोरचा उंच तरुण पाठीवर घ्यायची मोठी निळी बॅग छातीशी कवटाळून उभा होता. परत करायला आलेला माणूस वस्तू इतकी घट्ट धरतो? शेजारी उभ्या असलेल्या तरुणीला हसूच आलं.

"मला द्या," ती पटकन म्हणाली. "मला अशीच हवीय."

"कुठं निघालात?" त्यानं विचारलं.

"युरोपला. एकटीच."

त्याचा चेहरा उजळला... आणि लगेच उतरला. तोही तिकडेच निघाला होता. पण वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, घरात दुसरं कुणी नाही, आणि सगळा बेत बारगळला.

ती दातांची डॉक्टर, तो जनावरांचा. हे कळलं तेव्हा दोघं बोलत बोलत रस्त्यावर आली होती.

"बरंय तुमचं," ती म्हणाली. "पेशंट कटकट तरी करत नाहीत."

"चावतात हो!"

"चावतात तर माझेही!"

बॅग तिला मोठी होत होती. पट्टे कसे आवळायचे ते दाखवायला तो रविवारी सकाळी टेकडीपाशी आला. वजनाची सवय व्हावी म्हणून त्यानं दवाखान्यातल्या कुत्र्यांच्या खाद्याच्या पिशव्या बॅगेत भरल्या आणि तिला चढायला लावलं. झालं! वाटेतली सगळी भटकी कुत्री तिच्या मागे लागली. हसता हसता ती मटकन खाली बसली आणि बॅगेसकट उठताच येईना. त्यानं हात पुढे केला. ती उठली, पण हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग दर रविवारी टेकडी ठरूनच गेली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही. कुठल्या गावाहून गाडी पकडायची, कुठल्या नदीकाठी नुसतं बसून राहायचं, ते तो सांगत राही. न पाहिलेल्या गावांबद्दल असा बोले, की जणू तिथंच लहानाचा मोठा झालाय. ज्या दिवसाची तिनं इतकी वर्षं वाट पाहिली, तो आता जरा सावकाश यावा असं वाटू लागलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी तो तिच्या घरी आला. त्याच्या वडिलांपाशी शेजारच्या काकू बसल्या होत्या. इकडे तिची आई स्वेटरांचा ढीग पुढ्यात घेऊन ठाण मांडून बसलेली.

"आई, तिकडे आत्ता उन्हाळा आहे गं."

"त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली हुडहुडी!"

त्यानं एकेक कपडा गुंडाळून बॅग भरली. मग म्हणाला, "डावीकडे झुकतेय." सगळी उपसली, पुन्हा भरली. या वेळी ती म्हणाली, "आता उजवीकडे झुकतेय." पुन्हा उपसली. आईनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं.

"मी चहा टाकते," ती उठत म्हणाली. "मला वेळ लागेल."

आई स्वयंपाकघरात गेली.

"नको जाऊ का मी?" मोज्यांशी चाळा करत तिनं विचारलं.

"हे मला विचारू नकोस... माझ्या तोंडून 'नको' निघून जाईल."

"जाऊ दे की निघून."

"मग तू थांबशील. आणि पुढं कधीतरी माझ्याकडे बघताना तुला ती राहून गेलेली गावं दिसतील. मला नाही ते सहन व्हायचं." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "मला तू फार आवडतेस — म्हणून जा."

तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिनं ते पुसलंही नाही. हातातले मोजे बॅगेत कोंबले आणि म्हणाली, "मी आले की मग तू जायचं. असाच, एकट्यानं. बाबांपाशी मी थांबेन."

तो ओशाळं हसला. "बाबा फार चिडके झालेत. सारखे हाका मारतात."

"मारू देत. मी ओ देईन."

त्यानं तिचा तळहात आपल्या गालाशी धरला. दाराशी आलेली आई चहाचा ट्रे घेऊन तशीच पाऊल न वाजवता मागे फिरली.