लाखभर हाका

इस्त्रीवालीनं आयुष्यात एकच नवस बोलला, पण जन्माला पुरेल असा. आधीची दोन लेकरं बोलू-चालू लागली आणि तापात गेली. तिसरा झाला तेव्हा ती देवापुढे पदर पसरून म्हणाली, "एवढा जगू दे. याचं नाव कागदावर राहील, माझ्या ओठांवर कधी येणार नाही." तेव्हापासून ती त्याला 'कचऱ्या' म्हणू लागली. कचऱ्याला कोण मागून नेतंय?

लाईट गेल्यावर गच्चीवर मामा हे सांगत होते. भाचरं खिदळली.

"हसा. तोही हसायचा," मामा म्हणाले. "माझ्या दुकानाला लागूनच तिची टपरी."

कचऱ्या मोठा झाला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला आणि व्हिडिओ करू लागला. ताईत उसवून दाखवायचा, गंडेदोरे कात्रीनं कापायचा. पोरं डोक्यावर घेऊन नाचायची. मग कुणीतरी खाली लिहिलं : अरे, तुझं नाव म्हणजेच ताईत. आधी तो काप की!

ते त्याच्या जिव्हारी लागलं.

"आई, लाखभर लोक मला कचऱ्या म्हणतात गं. उद्या मुलगी बघायला गेलो तर काय सांगू?"

"तिला खरं नाव सांग बाबा खुशाल. पण चारचौघांना घ्यायला लावू नकोस ते नाव."

"नावानं कुणी मरतं का?"

पोराचंही चुकत नव्हतं, हे तिला कळत होतं.

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. दवाखान्यातल्या नर्सबाईंचे इस्त्रीचे कपडे पोचवून ती परत निघाली, तेव्हा रात्रीचे साडेअकरा होऊन गेले होते. त्याच संध्याकाळी त्यानं व्हिडिओ टाकला होता : माझं खरं नाव हे, सगळ्यांनी एकदा मोठ्यानं हाक मारा.

"काय नाव, ते मला विचारू नका," मामा म्हणाले.

रस्ता रिकामा होता. मागून कुणीतरी ते नाव घेतलं.

बोबडं.

ती वळली नाही. भरभर घर गाठलं. कडी लावली.

तो खाटेवर मोबाइल घेऊन बसलेला. "बघ, किती हाका येतायत!"

दाराबाहेर... तीच हाक.

"ओ देऊ नकोस."

"अगं, कुणाचं तरी पोर असेल. व्हिडिओ बघून..."

दुसरी हाक. वेगळा आवाज. आणखी लहान.

तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. त्यानं तो हळूच बाजूला केला. चेहरा कसा उजळला होता त्याचा... बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दारात कुणी त्याला नावानं बोलावत होतं.

"ओ."

त्यानं कडी काढली.

ती मागोमाग धावली. सरळ रस्ता. दिवे सगळे लागलेले. कुणी नाही.

तोही...

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात तो दिसला. मामांनी स्वतः पाहिलं. एकटाच चाललेला. पावलं मात्र लहान, अगदी लहान. कमरेत वाकलेला. दोन्ही हात खाली... मुठी अर्ध्या मिटलेल्या. बोट धरून कुणाला चालवत न्यावं, तशा.

गच्चीवर भाचरं एकमेकांना खेटून बसली.

"तिनं नवस मोडलेला नाही. रोज दारात उभी राहून 'कचऱ्या' अशीच हाक मारते. ओ येत नाही." मामा उठले. "खाली धाकटी झोपलीय. तिला उठवाल तेव्हा ठमीच म्हणा रे. एवढं करा माझ्यासाठी."