मागच्या रांगेतली

देवळाच्या पायऱ्यांशी ती मावशीच्या चपला आणि पर्स सांभाळत उभी होती. तेवढ्यात एकजण घाईघाईने आला, तिच्या पायाशी बूट काढले, हातात हेल्मेट दिलं आणि म्हणाला, "ताई, एवढं बघाल? पाच मिनिटांत आलो."

आपण चपला सांभाळणारी नाही, हे सांगायला तिने तोंड उघडेपर्यंत तो खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन आत गेलासुद्धा.

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. आतून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं, मधेच एक कर्कश शिट्टी, मग पुन्हा हॅलो. मावशी दर्शन घेऊन आली आणि म्हणाली, "हे कुणाचं हेल्मेट घेऊन उभी आहेस?" त्याच क्षणी तो बाहेर आला. दोघींकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे तुम्ही... इथे कामाला नाही?"

"नाही. मी लोकांचे कान तपासते. ऐकू येत नसेल तर यंत्र बसवते."

"मग आपला धंदा एकच. मी इथली माइक-स्पीकरची कामं करतो." हेल्मेट घेताना तो जरा ओशाळला. "आणि ते ताई म्हणालो ते... मागे घेतो."

"इतक्या लवकर?"

"उशीर केला की नातं पक्कं होतं."

मावशीने चपला घालताना वर पाहिलं.

मावशी पोस्टाच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालेली. भाचीचं ठरलेलं लग्न दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं. मुलाकडच्यांना नोकरी सोडणारी सून हवी होती. तेव्हापासून मावशी जाईल तिथल्या देवाला गाऱ्हाणं घालायची. या किनाऱ्यावरच्या गावात देऊळ, दर्गा आणि चर्च चालत जाण्याच्या अंतरावर होतं, म्हणून शनिवार-रविवार तिने इथे काढायचा ठरवला होता. "एकाच खिडकीवर भरवसा ठेवू नये," ती म्हणायची. "माणूस जेवायला गेलेला असतो."

दुपारी दर्ग्याच्या अंगणात तो पुन्हा दिसला. डोक्याला रुमाल बांधून शिडीवर चढलेला.

"तुम्ही आमच्या मागे मागे येताय का?" तिने खालून विचारलं.

"माझं काम महिन्यापूर्वी ठरलंय. मागे तुम्ही येताय." तो खाली उतरला. "खाऱ्या हवेत कुणाचाच स्पीकर टिकत नाही. आणि सगळीकडे तक्रार एकच. मागे बसलेल्यांना ऐकू जात नाही."

"माझ्याकडचे उलटं सांगतात. आमचे कान चांगले आहेत म्हणतात, हल्ली लोकच पुटपुटतात."

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याला सवय होती. ती तिने नोंदवून ठेवली, उगीचच.

मावशी आत होती. भाची अंगणाच्या कडेला बसून बघत राहिली. तिचा स्वतःचा देवाधर्माशी फारसा संबंध नव्हता. पण सकाळी देवळात पाहिलेल्या बायका आणि या बायका तिला वेगळ्या वाटेनात. तसाच एक पाय लांब केलेला, तशीच भिंतीला टेकलेली पाठ, तसेच हलणारे ओठ. काय मागत असतील? बहुतेक दुसऱ्या कुणासाठी काहीतरी...

"संध्याकाळी चर्चमध्ये येताय ना?" त्याने विचारलं. "मला मागे बसणारं कुणीतरी हवंय. आवाज तपासायला."

चर्च रिकामं होतं. तो आत शिरताना थांबला, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली आणि वाकला. सकाळपासून तिने विचारलं नव्हतं, आता विचारायची गरज उरली नाही. मावशीने एक मेणबत्ती लावली, थोडा वेळ डोळे मिटले आणि गुडघे दुखतात म्हणून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

भाची शेवटच्या रांगेत बसली. तो पुढे माइकशी.

"ऐकू येतंय का?"

तिने हात वर केला.

"आता?" आवाज खाली आला. पुन्हा हात वर.

"वडील गेले म्हणून मी शहरातून परत आलो. आता आई आणि मी. तिचा स्वभाव चांगला आहे. माझा... तिला विचारा." हात वर. तो आणखी हळू बोलला. "तुम्ही उद्या जाताय, ते मला आवडलेलं नाही. पुन्हा याल का? देवासाठी नाही... माझ्यासाठी?"

तिचा हात मांडीवरच राहिला.

"नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. त्या रिकाम्या जागेत तिचा आवाज त्याच्यापर्यंत व्यवस्थित पोचला.

दोघं बाहेर आली तेव्हा मावशी बाकावर ताठ बसली होती. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, बाहेरचा स्पीकर होता. चालू होता.

मुक्कामाच्या खोलीवर पोचल्यावर मावशीने आधी खिडकी बंद केली. मग कडी लावून म्हणाली, "तो आपल्यातला नाही."

"तू त्याच्याच देवापुढे मेणबत्ती लावलीस ना? काय मागितलंस?"

"मागणं वेगळं, घेणं वेगळं."

"मग मागायचं कशाला, मावशी?"

मावशीने दिवा घालवून कूस बदलली. पण तिला झोप लागलेली नाही, हे भाचीला श्वासावरून कळत होतं.

रविवारी सकाळी मावशी आपण होऊन चर्चला गेली. प्रार्थना संपेपर्यंत शेवटच्या रांगेत बसली. गाणाऱ्या बायकांत त्याची आई होती, बुटकी, चष्म्यातून वही अगदी डोळ्यांजवळ धरलेली. संपल्यावर मावशीने तिला गाठलं आणि म्हणाली, "मागेपर्यंत ऐकू येत होतं." दोघी बराच वेळ गुडघ्यांविषयी बोलल्या.

बस दुपारची होती. तो सोडायला आला. मावशी आत जागा धरून बसली.

"आईला रात्री सांगितलं," तो म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"आधी जेवून घे म्हणाली. मग म्हणाली, मुलीकडच्यांना जड जाईल."

"जाईल," ती म्हणाली. कंडक्टरने दारावर थाप मारली. "पण काल तुम्ही विचारलंत ते मला ऐकू आलं होतं. सगळं."

"मग?"

"येईन. पण एकटी नाही येणार. घरी सांगून येईन."

त्याने मान खाली घातली. बस हलली तरी तो तसाच हसत उभा होता.

खाडीवरचा पूल मागे पडल्यावर मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिन्ही ठिकाणी मी एकच मागितलं. नीट वागणारा माणूस मिळू दे. आपल्यातला, असं म्हणायचं राहून गेलं."

"मुद्दाम?"

"छे. मला वाटलं, एवढं त्यांना कळत असेल." तिने पर्स मांडीवर नीट घेतली. "तुझ्या आईला मी काही सांगणार नाही. तूच सांगायचंस."

"बरं."

"मी शेजारी बसेन," मावशी म्हणाली.