शेजारणीचं पाणी

मृत्यूनंतर माणसाचं काय होतं, हे ऋषीमुनींना कळलं नाही, ते मला कळलेलं आहे.

कळलं तेव्हा माझ्यापुढे निवट्यांची पाटी होती आणि मी माश्या हाकत होतो.

घटना खरी आहे. सन १९६६, पौषातली अमावस्या, करावे गावचा मासळीबाजार. वेळ दुपारची. मासळीबाजार रात्री भरत नाही, त्याला मी काय करणार?

एके काळी त्या कौलारू छपराखाली तीस कोळणी बसायच्या. मग बंदरावर बर्फवाली लाँच आली. जिताडे आणि कोळंबी बर्फात बसून परस्पर मुंबईला जाऊ लागली. गावाला उरले चिखलातले निवटे. तिसांच्या दोघी झाल्या. माझी गोजरामावशी आणि तिच्या शेजारी बसणारी चंद्राबाई.

दसऱ्याला चंद्राबाईही वारली.

लाँच होती चंद्राबाईच्याच मुलाची, देवजीची. पंचांनी त्याला शब्द दिला होता, ज्या दिवशी पाटीमागे एकही माणूस दिसणार नाही, त्या दिवशी छप्पर तुझ्या बर्फाला.

त्या अमावस्येला मावशी तापाने फणफणली. मला म्हणाली, "तू जाऊन बस. आन पानी मारीत रव."

बाजाराचा एक रिवाज होता. कोणी जागेवरून उठली, की शेजारीण न सांगता तिच्या मासळीवर पाणी मारायची. मावशी तर चंद्राबाईच्या रिकाम्या जागेवरही रोज मारायची. सवय.

मी जाऊन बसलो. मॅट्रिक पास, पनवेलला कारकून, आणि पुढ्यात निवटे.

इतक्यात रस्त्याने माझे होणारे सासरे येताना दिसले.

मी पाटी टाकून भिंतीमागे लपलो.

सासरे पुढे गेले. त्यांच्या मागून देवजी आला. हातात कुलूप.

मला धावत जाऊन बसता आलं असतं. पण सासरे अजून नजरेच्या टप्प्यात होते.

आणि तेव्हा आवाज आला...

छप...

छप... छप...

माश्या एकदम गप्प झाल्या.

मी भिंतीच्या फटीतून पाहिलं. चंद्राबाईच्या जागेपुढे मांजरं रांगेने बसली होती. माना वर. कोणाचा तरी हलता हात बघावा, तशा त्या सगळ्या माना एकदम डावीकडून उजवीकडे वळल्या...

माझ्या निवट्यांवर पाणी पडत होतं.

तांब्या मावशीचा होता.

हात नव्हता.

देवजी छपराच्या कडेला थांबला. "आये?" एवढंच म्हणाला.

उत्तर म्हणून थोडं पाणी आलं, त्याच्या पायांवर.

तो कुलूप घेऊन परत गेला.

मावशीला सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. तिने एकच विचारलं, "तू तिच्या जागंवर मारलास का पानी?"

मी नाही म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून निजली.

माघात मावशी गेली. पुढच्या अमावस्येला देवजी पुन्हा आला. या खेपेला त्याने कानात कापूस घातला होता.

बाजार बंद झाला. माझं लग्न मात्र झालं. सासरे हौसेने मासळी खायचे. बर्फातली.

कुलपाआडून ती छप... छप... मी नंतरही ऐकली आहे. पाटी एकही नाही. मग चंद्राबाई कोणाच्या मासळीवर पाणी मारते, हे मला कळलेलं नाही, आणि दुपारची झोप त्यामुळे कायमची गेली.

एकच विनंती आहे. मावशीचा तांब्या आत राहिलाय. पितळी आहे, बुडाला जरा पोचा आहे. त्या बाजूला कोणी गेलात, तर तेवढा घेऊन या. आमच्या हिने दोनदा विचारलं.