काचेआडची भुरी

त्या भोपळ्याच्या वेलावर कधी पाऊस पडला नव्हता, की दव पडलं नव्हतं. मग पानांवर बुरशी आली कुठून?

अकरा वर्षांची शर्वाणी वेलासमोर उकिडवी बसली होती. पानांवर पिठी भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. बोटाने पुसले की जात आणि दोन दिवसांनी दुपटीने येत.

ही मंगळावरच्या मुक्कामाची रंगीत तालीम होती. माळरानावरच्या काचेच्या बंद घुमटात चौघांनी वर्षभर राहायचं, असा बेत होता. पण तिसऱ्या महिन्यात वनस्पतिशास्त्रज्ञ धुर्वेकाका आजारी पडले आणि त्यांना बाहेर न्यावं लागलं. एकदा बाहेर गेलेल्याने परत आत यायचं नाही, असा नियम. जाताना ते म्हणाले, "वेल तुझ्यावर सोपवतोय." आईबाबा दिवसभर प्रयोगशाळेत. मग अभ्यास झाला की शर्वाणी वेलाशी गप्पा मारी, एकेक पान कुरवाळी. दुसरं होतं कोण?

काका बरे होऊन काचेपलीकडे शंभर पावलांवरच्या खोलीत राहायला आले होते. तरी त्यांचं उत्तर यायला चाळीस मिनिटं लागत. मंगळावरून पृथ्वीवर निरोप पोचायला वेळ लागतो, म्हणून यंत्र मुद्दाम तो अडवून धरी. वीस मिनिटं जाताना, वीस येताना.

"वेलाला रोग आहे," माळीकाम करणारा यंत्रमानव वाफा म्हणाला. "काकड्यांना लागण होईल. अर्ध्या तासात उपटतो."

"थांब ना! काकांना विचारलंय मी."

"उत्तर चाळीस मिनिटांनी येईल."

शर्वाणीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वेल वाचवा', आणि कागद काचेला लावला. काकांनी खिडकीतून पाहिलं. क्षणभर थांबले. मग त्यांनी पाठ फिरवली.

मंगळावर अशी काच नसणार, म्हणूनच काकांनी न पाहिल्यासारखं केलं, हे तिला कळत होतं. तरीही रडू फुटलं. इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं.

नाक पुसून ती परत पानांपाशी आली. पांढरं सगळ्यात जास्त कुठे होतं? खाली, सावलीत, दाटीवाटीत. शेंड्याकडे, उन्हात, जवळजवळ नाहीच.

"वाफा, इथली हवा हलत का नाही?"

"वीज वाचवण्यासाठी पंखा मंद केला आहे. हवा फार दमट आहे."

"पहिला ठिपका कुठे आला? फोटो दाखव."

दाराजवळचं पान. मग त्याच्या शेजारचं. मग पुढचं. ज्या क्रमाने ती पानं कुरवाळत जाई, अगदी त्याच क्रमाने. तिने आपली बोटं पाहिली. पांढरी होती.

"मीच पसरवलं," ती पुटपुटली.

वाफा पुढे सरकला. ती वेलाच्या आड उभी राहिली. "फक्त रोगट पानं काढायची, पिशवीत बंद करायची. पंखा वाढव. मला सात दिवस दे."

"असा नियम नाही."

"देऊ नये असा आहे?"

वाफा थबकला. "तसाही नाही."

हात धुऊन दोघं पानं खुडत असताना काकांचा आवाज आला. "शर्वाणी, ही भुरी. काकडीच्या रोपांबरोबर आत आली असावी. बहुतेक बुरश्यांना ओलं पान लागतं, हिला नाही. हवा दमट आणि कोंडलेली असली की कोरड्या पानावरही हिचे बीजाणू (बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण) रुजतात. एक भाग दुधात नऊ भाग पाणी घाल आणि सकाळच्या उन्हात फवार, दर आठवड्याला. दुधातल्या प्रथिनांवर ऊन पडलं की बुरशीला मारक द्रव्यं तयार होतात, असं आम्हाला वाटतं. रोगट पानं सुधारणार नाहीत, पण नवी वाचतील." शेवटी ते म्हणाले, "बाळा, पाठ फिरवणं फार जड गेलं गं."

शर्वाणीने आपल्या वाटणीची दूधपावडर कालवली. संध्याकाळचा पेला आता रिकामाच असे. सातव्या दिवशी नवे ठिपके दिसले नाहीत, तेव्हा वाफाने स्वतःहूनच मुदत वाढवली. बाराव्या दिवशी एक कोवळं पान उलगडलं, स्वच्छ हिरवं.

त्या दिवशी तिने नोंदवहीत लिहिलं: "मंगळावर पहिला भोपळा लावणाऱ्या मुलीस किंवा मुलास. पांढरं दिसलं तर आधी हवा खेळती कर. वेलाशी खुशाल बोल, पण हात धुऊन. पृथ्वीवरून उत्तर यायला वेळ लागेल. तोवर पानं नीट बघ. पुष्कळ काही तीच सांगतात."